अकरा दिवसांची माती

मातीत किती पाणी मावतं, हे सांगायची माझी नोकरी होती. पदाचं नाव इतकं लांब होतं की ओळखपत्रावर ते दोन ओळींत बसेना, म्हणून छापणाऱ्याने शेवटचा शब्द गाळून टाकला. मी कंत्राटी, त्यामुळे तो शब्द परत मागायची सोय नव्हती. बसमध्ये शेजारची बाई विचारायची, "काय करता तुमी?" मी म्हणायचे, "माती मोजते." "अन् मंग?" "मग सुकवते आणि परत मोजते." यावर माणसं सहसा खिडकीबाहेर बघायला लागत.

घरी मात्र माझा भारी अभिमान. वडील माजरीच्या खाणीत फिटर होते. आमच्या घरात देव्हारा नाही. त्या जागच्या कोनाड्यात सगळ्यांच्या सर्टिफिकेटांची फाईल असते आणि सणावाराला तिच्यावरची कोळशाची धूळ झटकली जाते. आजोबांनी जन्मभर अंगठा उठवला, कशावर उठवला हे त्यांना कधी कळलं नाही. म्हणून शिकलेल्या माणसाने कागदावर खोटं लिहायचं नाही, हे आमच्याकडे पंचशीलानंतरचं सहावं शील होतं. ते मी किती पाळलं, त्याचीच ही हकीकत आहे.

आधी हे काम कसं चालतं ते सांगते, म्हणजे पुढचा घोळ कळेल. माती हे एक भांडं समजा. ते काठोकाठ भरलं की जास्तीचं पाणी दोन दिवसांत निथळून जातं. जे उरतं त्यातला शेवटचा थोडा भाग माती घट्ट धरून बसते, पिकाचा जीव गेला तरी सोडत नाही. मधलं जे पाणी, ते पिकाचं. ते किती आणि पीक रोज किती पितं हे कळलं, की एका पाण्यावर पीक किती दिवस काढेल ते सांगता येतं. याचा सोपा मार्ग असा की चिमूटभर ओली माती अंगठा आणि बोटामध्ये दाबत पुढे सरकवायची. लांब फीत निघाली तर माती चिकट, पाणी धरणारी. लगेच तुटली तर रेताड. मग तक्ता उघडायचा आणि फितीच्या लांबीसमोरचा आकडा वाचायचा. चार वर्षं कॉलेजात काढून मी चिखलाची फीत ओढायला शिकले. आमच्या गल्लीतली पोरं हे काम फुकटात करत.

खरा मार्ग लांबचा आहे. शेत तुडुंब भरायचं, दोन दिवस निथळू द्यायचं, मग खणून माती घ्यायची, वजन करायचं, भट्टीत एकशेपाच अंशांवर दिवसभर सुकवायची आणि परत वजन करायचं. हा मार्ग आमच्या नियमपुस्तिकेत होता आणि तिथेच सुखाने राहत होता. भट्टीही होती. तिचा मुख्य उपयोग दुपारी डबे गरम करायला होई. त्यातही आमच्या जिल्ह्याचा कोळसा जळतो म्हणून कुठल्या कुठल्या शहरांत झगमगाट असतो, पण भट्टीची वीज दिवसातून तीनदा जायची. माझ्या मातीच्या नमुन्यांना वांग्याच्या भाजीचा वास यायचा आणि साहेबांच्या भाजीत खडे निघायचे. दोघांपैकी तक्रार फक्त साहेबांनी केली.

सिंदेवाहीच्या पुढे जंगलात शिरलेलं एक गाव आहे. जुन्या मालगुजार जमीनदारांच्या काळातला तलाव, तलावाखाली धानाच्या बांध्या, म्हणजे चारी बाजूंनी बांध घातलेले शेताचे तुकडे, आणि नाल्यापलीकडच्या शेवटच्या बांध्यांना लागून जंगल. पाणी सोडायचं काम गावाने एका माणसाकडे दिलेलं असतं, त्याला पाणकर म्हणतात. इथला पाणकर साठीचा, अनवाणी, आणि कमी बोलणारा. तो बांधीत उतरून टाच रुतवायचा. टाचेच्या खळग्यात पाणी जमलं तर पुढे जायचा, खळगा कोरडा राहिला तर पाणी सोडायचा. रीत अशी की एक बांधी भरली की तिचा मालक स्वतः बांध थोडा फोडून खालच्या बांधीत पाणी उतरवतो. भरलेल्या बांधीत पाणी अडवून ठेवणं तिथे लाज वाटण्यासारखं समजतात. या पद्धतीत फक्त एक दोष होता. तिच्यात साहेबांना करण्यासारखं काही नव्हतं.

साहेबांनी समाजमंदिरात सभा घेतली. "टाचेने पाणी मोजण्याचे दिवस गेले," ते म्हणाले, "यापुढे पाण्याची पाळी शास्त्रीय पद्धतीने ठरेल." पाणकर शेवटच्या रांगेत बसला होता. त्याने आपल्या टाचेकडे पाहिलं आणि पाय आत ओढून घेतला. साहेब स्वतः तलावाच्या बांधावर चढले नाहीत, बूट नवे होते. उंटावरून शेळ्या हाकण्यात त्यांचा हात धरणारा विभागात दुसरा नव्हता, आणि त्या उंटाला दाणापाणी करायला मी होते.

मे महिन्यात मी ड्रायव्हरसोबत नमुने घ्यायला गेले. तलावाच्या दारापासून जंगलापर्यंत, बारा बांध्यांतून बारा नमुने. गाडीतून उतरते तोच वनरक्षक मोटरसायकलवर आला. "मॅडम, नाल्यापलीकडे जाऊ नका. वाघीण हाय, सोबत पिल्लं हायत." ड्रायव्हर लगेच गाडीत जाऊन बसला आणि त्याने काचा वर केल्या. मी विचार केला, माती ती माती, गाव एक, तलाव एक. रस्त्याला लागून जी बांधी होती तिच्यात खड्डा खणला आणि त्या एकाच खड्ड्याच्या चार बाजूंनी बारा पिशव्या भरल्या. पिशव्यांवर बारा गट नंबर लिहिले, अक्षर मुद्दाम सुबक काढलं. मी हे करत असताना नाल्यापलीकडून गावातल्या बाया तेंदूपत्त्याचे गठ्ठे डोक्यावर घेऊन रांगेने येत होत्या. त्यांनाही वाघीण ठाऊक होती. एकीने मला विचारलं, "मॅडम, उन्हात काऊन बसल्या?"

माती इतकी छान होती की मला शंका यायला हवी होती. काळी, लोण्यासारखी, बोटभर लांब फीत निघाली. एका पिशवीत एक बारकी पांढरी गोगलगाय निघाली, नुसता शंख. शेताच्या मातीत शंख कुठून, हा प्रश्न माझ्या मनात आला नाही. तो कचरा म्हणून मी टिचकीने उडवला. शितावरून भाताची परीक्षा करावी म्हणतात, पण ते शीत निदान त्याच भांड्यातलं असावं, एवढी अट त्यात असते.

तक्ता म्हणाला, एका पाण्यावर अकरा दिवस. साहेबांना अकरा हा आकडा फार आवडला. तलावाच्या दाराजवळ पिवळ्या रंगाची पाटी लागली, "पाण्याची पाळी : दर अकरा दिवसांनी". खाली विभागाचा शिक्का रंगवलेला. पाणकराला सांगितलं की आता टाच लावायची गरज नाही, पाटी वाचायची. त्याला वाचता येत होतं, हे साहेबांना माहीत नव्हतं. त्यांनी त्याला पाटी दोनदा वाचून दाखवली.

त्या वर्षी पाऊस सप्टेंबरातच निघून गेला. ऑक्टोबरात धान गर्भावर आलं, म्हणजे लोंबी पोटात, बाहेर पडायची बाकी. या दिवसांत धानाला पाण्याचा ताण पडला तर लोंबी येते पण दाणा भरत नाही, नुसता पोचट कोंडा. तलावात पाणी होतं. पाटी अकरा म्हणत होती.

पाळीच्या पाचव्या दिवशी माझ्या टेबलासमोर एक बाई येऊन उभ्या राहिल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, पहाटेच्या बसने आलेल्या. जंगलाला लागून ज्या शेवटच्या दोन बांध्या, त्यांतली वरची त्यांची. घरात गोंडी बोलत, माझ्याशी झाडीबोलीत बोलल्या.

"मातीवाल्या मॅडम तुमीच का?"

"हो. बसा ना, बाई."

त्या बसल्या नाहीत. "पाणकर म्हणते का कागदात तुह्या बांधीत अजून सा दिवसाचं पाणी हाय. बांधीत तं नाई दिसत. कागदात कुठी हाय ते दाखवा, मी भरून नेतो."

त्यांनी पदराची गाठ सोडली आणि माझ्या फाईलवर एक ढेकूळ ठेवलं. तांबूस, खडेदार, बरड माती. मी बाटलीतलं पाणी घालून ती बोटांत दाबली. नखाएवढीही फीत निघाली नाही, हातावर नुसती रेती राहिली. ही माती पाच दिवसांच्या वर पाणी धरूच शकत नाही, हे मला त्या क्षणी कळलं.

"पण बाई, तुमच्या गावची माती काळी आहे ना? रस्त्याजवळची?"

"ते तं तलावाचा गाळ हाय," त्या म्हणाल्या. "दोन सालाआधी तलाव खोदला, तवा टॅक्टर जेथवर गेला तेथवर टाकला. आमच्याकडं टॅक्टर जात नाई."

म्हणजे मी शेताची माती मोजलीच नव्हती. तलावाचा तळ मोजला होता, आणि गोगलगाय मला ते सांगायला स्वतः पिशवीत येऊन बसली होती.

मी त्यांना साहेबांकडे नेलं. साहेबांनी ढेकळाकडे बघितलं, हात लावला नाही. "हा शासकीय नमुना नाही. शेतकऱ्याने स्वतः आणलेली माती ग्राह्य धरता येत नाही. तिने कुठूनही आणली असेल." मी तिथेच म्हणायला हवं होतं की साहेब, शासकीय नमुनाही कुठूनही आणलेलाच आहे. ते शब्द जिभेवर होते. पण कंत्राटाची मुदत मार्चअखेर होती आणि मी ते गिळले.

मग मला नियमपुस्तिका आठवली. मातीत किती पाणी मावतं हे नीट मोजायचं तर आधी शेत तुडुंब भरावं लागतं. मी साहेबांना म्हटलं, "पडताळणी करायला हवी, सर. नियम सहा. वरून कोणी विचारलं तर आपल्याकडे कागद असेल." कागद असेल म्हटल्यावर साहेब विरघळले. मी विचारलं, जंगलाकडच्या सगळ्याच बांध्या घ्यायच्या का? "नमुना म्हणजे एक," साहेब म्हणाले. "सगळ्या भिजवल्या तर त्याला सिंचन म्हणतात." आणि त्यांनी एका गट नंबरवर सही केली. मी बाहेर आले ती मनातल्या मनात नाचत. साहेबांना त्यांच्याच पुस्तिकेने चीत केलं होतं. एवढी हुशारी आयुष्यात पुन्हा कधी दाखवली नाही, आणि बरंच झालं.

दुसऱ्या दिवशी पाणकराने तलावाचं दार उघडलं. पाणी पाटाने नाल्यापलीकडे गेलं. या वेळी मीही गेले. अपराधी माणसाला वाघिणीचं भय कमी वाटतं. वाटेतल्या बांध्यांची तोंडं पाणकराने चिखलाने बुजवली, कारण माझ्या हातातल्या कागदावर एकच नंबर होता. दुपारपर्यंत बाईंची बांधी काठोकाठ भरली. त्यांच्या बांधीखाली त्यांच्या दिराची बांधी, तीच बरड माती, तेच गर्भावर आलेलं धान, पानांची टोकं गुंडाळायला लागलेली. दीर बांधावर उभा होता, हातात कुदळ.

बाईंनी त्याच्याकडून कुदळ घेतली आणि बांध फोडायला वाकल्या.

"बाई, थांबा," मी ओरडले. "बांध फोडू नका. नमुना बिघडेल."

त्या कुदळ हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिल्या. "भरली ना बांधी, मॅडम. आता वरचं पाणी माह्या काय कामाचं?"

"कागदावर एकच नंबर आहे. दुसऱ्या बांधीत पाणी गेलं तर म्हणतील पडताळणीच्या नावाखाली पाणी सोडलं."

पाणकर मध्ये पडला. "मॅडम, इथी असं अडवत नाई कोणी."

"भाऊ, दार बंद करा," मी म्हटलं.

त्याने केलं. बाईंनी कुदळ दिराला परत दिली. तो निघून गेला. मला वाटलं, आपण नियमाने वागलो.

भरलेल्या भांड्यात जास्तीचं पाणी मावत नाही, ते निथळून जातंच, हे त्या शिवारात माझ्याइतकं शास्त्रशुद्ध कोणालाच माहीत नव्हतं. तो बांध फुटला असता तर माझ्या नमुन्याचं काडीचंही नुकसान होणार नव्हतं. मला नमुन्याची काळजी नव्हतीच. मला पकडले जाण्याची भीती होती. ते वरचं पाणी दोन दिवसांत रेतीतून खाली गेलं आणि कोणाच्याच कामी आलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी खणलं. बाई शेजारी उभ्या राहून मोठमोठ्याने गोंडीत बोलत होत्या, माझ्याशी नाही, जंगलाशी. माणसं आहेत हे तिकडे कळावं म्हणून. नमुना भट्टीत सुकवला, त्या दिवशी मी कोणाला डबा ठेवू दिला नाही. उत्तर आलं, पाच दिवस.

साहेबांपुढे मी दोन कागद ठेवले, एकाच गावचे, एकाच अक्षरातले. अकरा आणि पाच. साहेबांनी कपाळाला आठी घातली, कॅल्क्युलेटर ओढला, बेरीज केली, दोनाने भागलं. "आठ," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उजळला. "सरासरी आठ. पाटी बदलायला सांगा." एक माणूस पोटभर जेवला आणि एक उपाशी राहिला, तर सरासरीने दोघं अर्धपोटी जेवले, असा हा हिशेब होता. गाळाच्या बांध्यांना आठव्या दिवशी नको असलेलं पाणी मिळणार आणि बरडीवरचं धान सहाव्या दिवशीच माना टाकणार.

तेव्हा मी लिहिलं. अहवालात शेऱ्याची जागा असते, तिथे लिहिलं, "पहिले बाराही नमुने मी रस्त्यालगतच्या एकाच खड्ड्यातून, तलावाच्या गाळातून घेतले. अकरा हा आकडा खोटा आहे." खाली सही. या वेळी अक्षर सुबक काढत बसले नाही. साहेबांनी ते तीनदा वाचलं. "हे फाईलला कशाला?" एवढंच म्हणाले. पण फाईलला गेलेलं परत निघत नाही. माझी कबुली एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेली, तिच्यावर "चर्चा करावी" असा शेरा पडला, मग "चर्चा झाली" असा. बरडीसाठी पाच दिवसांची पाळी मंजूर झाल्याचा कागद आला तेव्हा गावात कापणी संपत आली होती. माझ्या कंत्राटावर कोणी चर्चा केली नाही. ते मार्चअखेर आपोआप संपलं.

मधल्या काळात पाटी अकराच म्हणत राहिली, कारण आठची पाटी रंगवणाऱ्याची ऑर्डर निघायची होती. अकरावा दिवस हा तलावाचं दार उघडायचा दिवस. रस्त्याकडच्या बांध्या भरत भरत पाणी जंगलापर्यंत पोचायला आणखी तीन दिवस लागले. बाईंच्या बांधीने मधल्या त्या भरण्यावर तग धरला. दिराच्या बांधीजवळ धरायला काही नव्हतं.

कापणीनंतर मी गावात गेले. कोणी बोलावलं नव्हतं. बाईंच्या अंगणात दोन घरांची माणसं एकाच पंगतीला बसली होती, बाईंच्या घरची आणि दिराच्या. दिराचं धान सगळं पोचट निघालं होतं, ते गुरांपुढे टाकलं होतं. बाईंची अर्धी रास त्याच्या घरी गेली होती. कोणी मला हे रागाने सांगितलं नाही. मी विचारलं म्हणून सांगितलं.

मला ताट वाढलं. मी म्हटलं, "बाई, चुकलं माझं. नमुने रस्त्यावर घेतले."

"ते भेवानं झालं," त्या म्हणाल्या. "वाघाचं भेव कोणाले नाई? मी त्याचं म्हणत नाई." त्यांनी पळी परत भांड्यात ठेवली. "त्या दिवशी तं तुमी आमच्याच बांधावर उभ्या होत्या. पाणी वरून वाहून राह्यलं होतं. मी कुदळ उचलली अन् तुमी नाई म्हटलं."

मला लाज वाटली, अशी की घास हातात धरून बसले. फाईलमधल्या कबुलीत त्या कुदळीचा उल्लेख नव्हता. तिच्यासाठी शेऱ्याची जागाही नव्हती.

समोर बसलेला दीर पहिल्यांदाच बोलला. माझ्याकडे न बघता, भावजयीला म्हणाला, "मॅडमच्या ताटात भात कमी दिसते. वाढ थोडा."